न आलेलं दुःख

॥ श्रीराम ॥

आजचं वाचन : पातंजल योगसूत्रे, साधनपाद, सूत्र 16

जे दुःख अजून आलेलं नाही ते टाळावं, एवढंच हे सूत्र सांगतं. व्यासभाष्य त्याचं कारण देतं. मागचं दुःख भोगून संपलं, आत्ताचं भोगणं चालू आहे; टाळता येईल असं फक्त पुढचंच उरतं.

परवा बोरी अरबला घरी आलो. बाबांच्या मोटरसायकलच्या इंजिनातून बारीक खरखर येत होती. बाबांना ती ऐकूच येत नव्हती. रोज थोडी थोडी वाढली, कान सरावले. मी चार महिन्यांनी आलो म्हणून लगेच जाणवली. काल गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने कान लावला आणि म्हणाला, टायमिंग चेन. ही चेन झिजून सैल झाली आणि दातावरून सरकली, तर व्हॉल्व्हच्या उघडझापीचा मेळ बिघडतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच बसू शकतं. तेही दारव्ह्याच्या रस्त्यावर, मागे आई बसलेली असताना.

बाबा म्हणाले, "गाडी चालू हाये ना? मंग कायले पैसे घालतं?"

चेन आणि टेन्शनर दोन्ही बदलले. क्लच प्लेटाही बदलू का विचारलं, तर मिस्त्रीच नको म्हणाला, त्या चांगल्या आहेत. बरोबरच आहे. भीतीपोटी सगळंच बदलत सुटणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

बाबांचं चालूच होतं, "अन् तुटलीच नसती तं?" प्रश्न चुकीचा नाही. जे टळलं ते कधी दिसत नाही, त्याचा पुरावा कुठून देणार? पण मी चिडलो. चार लोकांसमोर म्हणालो, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही." ते गप्प झाले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

रात्री भाष्य उघडलं. तिथे एक दृष्टान्त आहे : बारीकसा तंतू अंगावर पडला तर कळतही नाही, डोळ्यात गेला तर सलतो. योग्याचं मन त्या डोळ्यासारखं असतं. शेजारी बसलेली आई म्हणाली, "फोनवरबी तू आताशा असाच बोलतं रे."

आताशा म्हणजे कधीपासून? मला आठवेना. रोज थोडं थोडं वाढलं असणार. गाडीची खरखर मला लगेच ऐकू आली, माझ्या आवाजातली नाही आली. तिथे माझेच कान सरावले होते.

पण बाबा अजून माझ्याशी बोलतात, फोन उचलतात. म्हणजे मोठं दुःख अजून यायचं आहे, टाळता येण्यासारखं आहे. आज सकाळी चहा घेताना म्हटलं, "बाबा, काल चुकलो." ते थोडं थांबून म्हणाले, "आवाज गेला पण गाडीचा."

आजचा संकल्प : बाबांशी फोनवर बोलून झालं की आईला विचारायचं, "कसा बोललो?"

हरि ॐ तत्सत्