रहम आणि इन्साफ

फुलंब्री हा कोरडवाहू तालुका. मका-कपाशीच्या शेतांपलीकडे जो गवताळ माळ उरतो, त्याला सरकारी कागद आणि आपली जीभ दोन्ही 'पडीक' म्हणतात. दख्खनच्या अशाच माळांवर माळढोक नांदत होता. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा डॉ. सलीम अलींचा आग्रह होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज देशात सुमारे दीडशे माळढोक उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात.

आता ब्राझीलचे सोनेरी सिंह-टॅमरीन पाहा. पाऊण किलोही न भरणारे हे माकड १९७०च्या दशकाच्या आरंभी जंगलात जेमतेम दोनशे उरले होते. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत वाढलेली माकडे जंगलात सोडली गेली. २०२३ च्या गणनेत त्यांची संख्या ४,८०० च्या घरात गेली. धोका टळलेला नाही, पण वंश सावरला.

एक सावरतो, दुसरा का संपतो? निसर्गाचे माप सारखे नाही, हे खरे. माकडीण बहुधा जुळी पिले देते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शिवाय माकडाचा चेहरा आपल्यासारखा. पाठीवर पिलू घेतलेले माकड पाहिले की आपल्याला आपले घर आठवते. विजेच्या तारांना धडकून मेलेला पक्षी पाहून कुणाला काय आठवणार?

पण एवढ्यावर थांबणे सोयीचे होईल. तिकडे बरीच माकडे खासगी मळ्यांतल्या जंगलात सोडली गेली; जमीनमालक या कामात भागीदार झाले. आपल्याकडे १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडू लागली. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर मने दुरावली होती.

रहम चेहरा पाहून येतो. इन्साफाला चेहरा पाहण्याची मुभा नसते. म्हणून माळढोकाचा हक्क माकडाहून तसूभरही कमी नाही. पण ज्याच्या बांधाशेजारी तो राहणार, त्याला न विचारता सारी किंमत त्याच्याच माथी मारायची, हाही इन्साफ नव्हे. पक्षी सर्वांचा असेल, तर त्याचा खर्चही सर्वांचा असायला हवा. आणि सुरुवात 'पडीक' हा शब्द टाकून देण्यापासून करता येईल.