मागे बसलेला

मनुष्याची सभ्यता उजेडात पारखावी की अंधारात? बेळगाव-निपाणीकडच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा येई, तेव्हा बसावयास पोते आणि पांघरावयास घोंगडी घेऊन माणसे निघत. ही तयारी स्वतःपुरती. खेळ सुरू होताच जो फेटा उतरून मांडीवर घेई, तो मात्र मागच्यासाठी.

मोटारयुगातही प्रश्न तोच राहिला. १९३३ साली अमेरिकेतील कॅम्डेन परिसरात हॉलिंग्सहेड यांनी मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे स्थळ उघडले, तेव्हा मागच्या गाडीतूनही पडदा दिसावा म्हणून त्यांनी जमिनीलाच चढ दिले. उंचीची अडचण अशी दूर झाली. परंतु ऐन रंगात गाडीचे दिवे लावणारा हात चढ-उतारांनी आवरत नाही. वेळेआधी पोचावे, उंच गाडी मागे लावावी, दिवे विझवावेत, खेळ संपेपर्यंत हलू नये, या साऱ्या नियमांचे मर्म एकच आहे.

मागे बसलेला आपणांस दिसत नाही. तो मराठी की कानडी, हेही अंधारात कळत नाही. आणि भाषेचा तंटा सोसलेल्या या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे. आपले नावही ज्याला कधी कळणार नाही, त्याच्यासाठी फेटा उतरविता येतो काय? सभ्यतेची खरी परीक्षा तेथेच आहे.