पाळकाचा शब्द कोण मानतो?

खेड्यापाड्यांत प्रभूची सेवा करणारे बंधू आम्हांस वारंवार एक प्रश्न घालतात. ते म्हणतात, "आमची मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरे. रविवारी उपासनेस तीस माणसे जमली तर पुष्कळ झाली. वर्षाकाठी एखादा बाप्तिस्मा, एखादे लग्न, दोन-तीन मूठमाती, इतकीच आमच्या कामाची नोंद. शहरांतल्या मोठ्या मंडळ्यांचे अहवाल वाचले म्हणजे मन खचते. अशा लहान जागी विश्वासूपण ते कशात दाखवावे?" ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही स्वतः पुष्कळदा अडखळलो आहो. यास्तव आज एका लहानशा गावाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवून त्यावरून विचार करण्याचे योजिले आहे.

इंग्लंडात डार्बीशायर परगण्याच्या डोंगराळ मुलखात ईम नावाचे खेडे आहे. सतराव्या शतकात तेथील लोक शेती करीत, मेंढरे पाळीत व शिशाच्या खाणींत राबत. गावचे मंदिर चर्च ऑफ इंग्लंडचे होते. म्हणजे ज्या पंथास आपण अँग्लिकन म्हणतो त्याचे. १६६५ साली लंडनात प्लेगाने थैमान घातले असता ईम गावातील एका शिंप्याच्या घरी लंडनाहून कापडाचा गठ्ठा आला. त्या घरी काम करणारा जॉर्ज विकर्स ह्याने तो सोडून कापड विस्तवाजवळ वाळत घातले, असे सांगतात. थोड्याच दिवसांत तो तापाने पडला, आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याची मूठमाती झाली. मग त्याच घरातले, मग शेजारचे, मग पलीकडचे. हिवाळ्यात रोग काहीसा मंदावला. परंतु १६६६ चा उन्हाळा लागताच तो पुन्हा उसळला.

गावचा पाळक विल्यम माँपेसन हा त्या वेळी तिशीच्या आतला तरुण होता. गावात येऊन त्यास जेमतेम दोन वर्षे झाली होती. पत्नी कॅथरिन व दोन लहान मुले असा त्याचा संसार. सधन घरांपैकी कित्येक आधीच गाव सोडून गेली होती. आता बाकीचेही पळू लागले तर आसपासच्या गावांत मरण पसरेल, हे त्याने ओळखले. तेव्हा १६६६ च्या जून महिन्यात लोकांपुढे तीन गोष्टी ठेवण्यात आल्या. पहिली, मंदिर बंद करून उपासना कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत, उघड्या आकाशाखाली व्हावी, आणि प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून दूर उभे राहावे. दुसरी, मृतांस मंदिराच्या आवारात न आणिता ज्याने त्याने आपल्या शेतात किंवा परसात पुरावे. तिसरी, रोग शमेपर्यंत गावाची शीव कोणी ओलांडू नये.

लोकांनी हे मान्य केले. डेव्हनशायरचा अर्ल नामक जवळचा मोठा जमीनदार अन्नधान्य पुरवीत असे. बाहेरचे लोक जिन्नस शिवेवर ठेवून मागे फिरत. शिवेवरील दगडास भोके पाडून त्यांत शिरका ओतलेला असे व जिनसांची किंमत त्यात टाकीत, की नाण्याबरोबर रोग बाहेर जाऊ नये. ते दगड आजही तेथे आहेत. ऑगस्ट महिन्यात मरणाचा कळस झाला. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत आपला नवरा व सहा लेकरे गमावली, आणि त्या सातही जणांस तिने स्वतःच्या हातांनी आपल्या शेतात पुरिले. २५ ऑगस्ट रोजी पाळकाची पत्नी कॅथरिन हीही गेली. नोव्हेंबरात रोग थांबला तोवर चौदा महिने लोटले होते, आणि गावातील सुमारे २६० माणसे मातीआड झाली होती.

येथे विचारी वाचक आम्हांस थांबवील व विचारील, "दुसऱ्याच्या लेकरांस मरणाच्या तोंडी राहा असे सांगण्याचा अधिकार ह्या पाळकास कोणी दिला?" प्रश्न योग्य आहे, आणि ह्या वृत्तान्तात तो अधिकच बोचतो. कारण गावाची शीव बंद होण्यापूर्वी माँपेसनने आपली स्वतःची दोन्ही मुले गावाबाहेर पाठविली होती. कॅथरिननेही त्यांच्याबरोबर जावे अशी त्याची इच्छा होती. ती नवऱ्यास सोडून गेली नाही. पुढे इतरांचे मृत शेतांत पुरले गेले असता कॅथरिनची कबर मात्र मंदिराच्या आवारात झाली. ती तेथे अद्याप आहे. आम्ही पाळकवर्गातील आहो म्हणून ह्या गोष्टी झाकून ठेवाव्या असे आम्हांस वाटत नाही. बापाचे काळीज म्हणून आम्ही त्याची कीव करू; परंतु ज्या आईस आपली लेकरे पाठविण्यास दुसरे ठिकाण नव्हते, तिच्यापुढे उभे राहून "तू मात्र येथेच राहा" म्हणताना त्याची मान खाली गेली नसेल काय?

तरीही एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. तो स्वतः राहिला. मजुरीचा माणूस लांडगा पाहून पळतो व मेंढपाळ राहतो, असा भेद आपल्या प्रभूने करून ठेविला आहे. त्या मापाने मापिता हा मनुष्य मेंढपाळच ठरतो. निष्कलंक नव्हे, तर राहिलेला. ज्याने स्वतःवर काही घेतले नाही त्याने दुसऱ्याजवळ मागणे करू नये. आणि ज्याने घेतले आहे त्यानेही मागताना आपण कोठे उणे पडलो हे विसरू नये. पाळकाच्या अधिकाराविषयी ह्याहून अधिक आम्हांस सांगता येत नाही.

परंतु ह्या वृत्तान्तातील मुख्य गोष्ट अजून राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या तरुणाचा एवढा कठीण शब्द लोकांनी मानला तरी कसा? ह्याचे उत्तर दुसऱ्या एका माणसात आहे. त्याचे नाव टॉमस स्टॅन्ली. १६४४ पासून सुमारे अठरा वर्षे त्याने त्या गावाची सेवा केली होती. १६६२ साली सरकारने कायदा केला की प्रार्थनापुस्तकातील सर्व विधी जो पाळक मान्य करणार नाही त्याने आपली जागा सोडावी. त्या वेळी स्टॅन्ली व त्याच्यासारखे सुमारे २,००० पाळक विवेकास्तव बाहेर पडले. स्टॅन्लीची जागा गेली, पगार गेला. परंतु तो त्या लोकांजवळच राहिला, आणि पुष्कळांचे मन त्याच्याकडेच होते. माँपेसन हा प्रार्थनापुस्तकाच्या बाजूचा. दोघांत सख्य असण्याचे काही कारण नव्हते. असे असता प्लेगाच्या दिवसांत माँपेसनने त्या काढून टाकलेल्या पाळकाची मदत मागितली, आणि स्टॅन्लीने ती दिली. दोघे मिळून लोकांपुढे उभे राहिले, तेव्हा लोकांनी ऐकिले.

म्हणजे संकटाच्या दिवशी जो भरवसा खर्च झाला तो त्या दिवशी कमावलेला नव्हता. तो अठरा वर्षांच्या साध्या दिवसांत, आजाऱ्याच्या खाटेशी बसून, मुलांस धर्मशिक्षण देऊन, भांडणे मिटवून, थोडा थोडा साठविला होता. त्या वर्षांत स्टॅन्लीजवळ लिहिण्याजोगा अहवाल कोणता असेल? बहुधा आपल्या उपदेशक बंधूंच्या अहवालाइतकाच.

आमच्या स्वतःच्या सेवेतील एक गोष्ट सांगतो. तीत आमची शोभा नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आम्ही एका खेड्यातील मंडळीवर नवेच गेलो होतो. गावच्या वाटांवर काट्या टाकलेल्या होत्या. मंदिर बंद ठेवण्याचे आम्ही सांगितले तेव्हा लोक कुरकुरले. "नवे पाळकसाहेब भित्रे आहेत," असे आमच्या कानी आले. अशात एका घरी मृत्यू झाला, आणि सारी मंडळी तेथे लोटली. आम्ही दूर उभे राहून विनविले, कोणी हलेना. त्या गावी एक वृद्ध उपदेशक राहत असत. आमच्या आधीच्या कारभारात त्यांचे कोणाशी तरी बिनसले होते व त्यांना बाजूस सारण्यात आले होते. आम्ही आल्यापासून एकदाही त्यांच्या दारी गेलो नव्हतो. गेलो तर अमुक रागावतील, हा हिशेब मनात होता. त्या दिवशी मात्र गेलो. अंगणात उभे राहून आमची चूक कबूल केली व मदत मागितली. ते काठी टेकीत आले आणि घरापासून थोड्या अंतरावर उभे राहून इतकेच बोलले, "चौघेच पुढे व्हा. बाकीच्यांनी आपापल्या दारात उभे राहून प्रार्थना करा. देवाला तेथूनही ऐकू येते." लोक निघून गेले.

मागाहून एका शेतकरी बंधूस आम्ही विचारिले, "आमचे न ऐकता त्यांचेच का ऐकिले?" तो म्हणाला, "पाळकसाहेब, १९७२ च्या दुष्काळात ते माझ्या बापाशेजारी बसून खडी फोडत होते." आम्ही सेमिनरीत पुष्कळ शिकलो, पण हे उत्तर तेथे शिकलो नव्हतो.

आता एका शंकेचा विचार करणे अवश्य आहे. प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला. तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने १८९८ साली, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कराची शहरी, प्रयोगाने दाखविले. ईमच्या लोकांस ह्यांतले काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा लोकांस एका जागी कोंडून ठेविल्याने गावातील मृत्यू उलट वाढले नसतील काय, असे आजचे काही विद्वान विचारतात. असेलही. परंतु त्या लोकांनी जवळ होते तेवढ्या ज्ञानाने शेजाऱ्याचे हित पाहिले. त्यांचा न्याय त्यावरूनच व्हावा. आपले मात्र तसे नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, आणि १८९७ च्या जानेवारीत हाफकिन ह्यांनी तेथेच लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ज्यास डॉक्टर व दवाखाना उपलब्ध आहे त्या पाळकाने केवळ आपल्या धैर्यावर कळप चालवू नये. विचारून, समजून मग बोलावे. हेही विश्वासूपणच होय.

आणि विश्वासूपणाचे वेतन? माँपेसन पुढे ईकरिंग नावाच्या गावी गेला, तेव्हा हा प्लेगाच्या गावाहून आला म्हणून तेथील लोक त्यास जवळ करीनात. ईममध्ये कित्येकांनी स्टॅन्लीस गावातून काढून लावण्याचा यत्न केला. तेव्हा अर्लाने त्यांस उत्तर दिले की ज्याने हा रोग आसपास पसरू दिला नाही त्याचे आपण सर्वांनी आभार मानावे, असे जुने वृत्त सांगते. १६७० साली तो त्याच गावी मरण पावला. आणखी एक गोष्ट आमच्या मनास आनंद देते. त्या काळी जे पक्ष एकमेकांस मंदिराबाहेर काढीत, त्यांच्याच वळणाच्या मंडळ्या, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, आपल्या देशात १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या नावाखाली इतरांसह एक झाल्या. तरीही गावोगावी बाजूस सारलेली माणसे अजून आहेतच.

तर बंधूंनो, लहान जागी विश्वासूपण कशात दाखवावे, ह्यास आमचे उत्तर असे. ह्या आठवड्यात ज्या घरी तुम्ही पुष्कळ दिवस गेला नाही तेथे जा. तुमच्या आधी ज्याने त्या मंडळीत पेरणी केली, त्याच्याशी तुमचे वा दुसऱ्या कोणाचे बिनसले असेल तर त्याच्या अंगणात जाऊन उभे राहा. साथ केव्हा येईल, दुष्काळ केव्हा पडेल हे कोणास ठाऊक नाही. परंतु त्या दिवशी तुमचा शब्द मानला जाईल की नाही, हे आजच्या भेटीवर ठरत आहे. तीस माणसांची मंडळी लहान खरी. पण तीस माणसांच्या दारी जाण्यासही पुष्कळ वर्षे लागतात. प्रभू तुम्हांस तेथे टिकून राहण्याची कृपा देवो, आणि आम्हांसही देवो.