खिशातलं रान

मृगाच्या आधीची पहाट. झरी जामणी तालुक्यात या दिवसांत शेतकऱ्याची झोप तशीही लवकर मोडते. बियाण्याची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात, वखरलेलं वावर वाट बघत असतं, आणि पैनगंगेच्या अंगाने आभाळ भरून येतं का ते पाहायला माणूस ओट्यावर येऊन उभा राहतो. अशा वेळी मोहाच्या झाडावरून पावशाची हाक येते. 'पेरते व्हा, पेरते व्हा...' दर हाक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत. आता गळा फाटतो की काय असं वाटेपर्यंत ती चढत जाते आणि एकदम थांबते. आपल्यातले कितीतरी जण हा पक्षी जन्मभर ऐकतात आणि एकदाही पाहत नाहीत. दिसला तरी शिक्रा समजून सोडून देतात, कारण रंगरूप थेट शिक्र्याचं. पावशाची ओळख पटते ती कानाला.

कानाचं हे शिक्षण आजवर आजाकडून नातवाकडे जात आलं. गुरं राखताना, मोहफुलं वेचताना, रात्रीच्या जागलीला. ती सोबत आता कमी झाली आहे. मात्र प्रत्येकाच्या खिशात एक वस्तू आली आहे आणि तिच्यात आवाज टिपायची सोय आहे. पक्षी शिकायला या सोयीइतकी चांगली वही मला दुसरी सापडलेली नाही.

मी करतो ते अगदी साधं आहे. सव्वापाचच्या सुमाराला गावाबाहेर, पांदण सागवानात शिरते तिथे जायचं. फोन हातात धरायचा नाही, दगडावर ठेवायचा. हातात धरला तर बोटांच्या घासण्याचा आवाज पुढे पाऊस पडल्यासारखा ऐकू येतो. नेटवर्क बंद करायचं, म्हणजे मध्येच रिंग वाजत नाही. मग पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. शेवटी हळू आवाजात तारीख, वेळ आणि जागा सांगून ठेवायची. 'मोहाखाली, वारा नाही, आभाळ भरलेलं.' एवढं सांगितलं नाही तर महिन्याभराने तो आवाज कुठल्या पहाटेचा ते कळत नाही.

खरं शिक्षण घरी, दुसऱ्यांदा ऐकताना होतं. एका पहाटे रानात उभा असताना मला ऐकू आले होते ते सातभाईंचा कलकलाट आणि लांबची टिटवी, एवढेच. ओट्यावर बसून तेच पुन्हा ऐकलं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला सातभाईंच्या गोंगाटाच्या मागे दोन सुरांची स्वच्छ शीळ निघाली. थोड्या वेळाने पुन्हा तीच. तो नवरंग होता. दक्षिणेतून पावसाच्या तोंडावर मध्य भारतात विणीला येणारा, जमिनीवरच्या पाचोळ्यात वावरणारा पक्षी. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो अशी शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला 'आरुमणी कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. तो माझ्यापासून फार तर वीस पावलांवर असेल आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र ती शीळ मला रानात उभ्या उभ्याच ऐकू आली. कान असा तयार होतो. एका आठवड्याला एक पक्षी, यापेक्षा घाई करू नये.

पक्ष्याचा आवाज टिपून ठेवण्याची ही धडपड जुनी आहे. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पाळलेल्या पक्ष्याचं गाणं मुद्रित केलं. पक्ष्याच्या आवाजाची ती पहिली ज्ञात नोंद मानली जाते. आणि तो पक्षी होता शामा, आपल्या भारतातल्या जंगलांचा गवई. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता तर फोनच नाव सांगतो. कॉर्नेल विद्यापीठाचं 'मर्लिन' हे मोफत ॲप २०२१ पासून आवाजावरूनही पक्षी ओळखू लागलं आहे. जरूर वापरावं. पण त्याने सांगितलेलं नाव ही सुरुवात समजावी. आपला कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, आणि त्या नकलेवर यंत्रही फसू शकतं, माणूसही. झाडाखाली जाऊन, मान वर करून पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही.

या भागातल्या मुलांना एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. इअरफोन रानात कानात घालू नका. शेजारीच पांढरकवड्याकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे आणि तिथले वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. पऱ्हाटीत, नाल्यात, पांदणीत ते येतात. अशा मुलखात चितळाची तीक्ष्ण हाक, वानराचं खॅक-खॅक खोकणं, सांबराचा घंटेसारखा ठणका हे सगळे आपल्यासाठी निरोप असतात. चितळ पुष्कळदा उगाचही बिचकतं. सांबर सहसा उगाच बोलत नाही, असं रानातली जाणती माणसं सांगतात. हे आवाज घरी फोनवर पन्नास वेळा ऐकून पाठ करावेत. रानात दोन्ही कान उघडे हवेत.

आणि टिपलेला आवाज रानात पुन्हा वाजवू नये. जूनमधला नर गातो तो आपल्या हद्दीचा पुकारा असतो. आपण त्याचंच गाणं वाजवलं की दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. चारा, घरटं, मादी सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एका पहाटे बाहेरून आलेल्या एका पाहुण्याला फोटोसाठी नवरंगाची शीळ पुन्हा पुन्हा वाजवताना मी पाहिलं आहे. पक्षी चोच उघडी ठेवून फांदीफांदीवर भिरभिरत होता. फोटो मिळाला, आणि नंतरचे दोन दिवस त्या जागेवरून शीळ आली नाही.

अभ्यासकांची गोष्ट वेगळी. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता. १९९७ साली तो आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे त्याचा आवाज नोंदवला गेला आणि तो मोजकाच वाजवून मेळघाटासारख्या इतर जंगलांत त्याचा शोध घेता आला. ते काम परवानगीने, हिशेबाने होतं. आपल्या हौसेला तो आधार घेता येणार नाही.

खोट्या आवाजाचं काय होतं ते आपल्या शेतकऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. रानडुकरांसाठी वावरात बॅटरीचा भोंगा लावतात. रात्रभर त्यातून माणसाची आरोळी नाही तर कुत्र्याचं भुंकणं वाजत राहतं. चार-आठ दिवस डुकरं दबकतात. मग त्यांना कळतं की या आरोळीमागे माणूस नाही, आणि ती भोंग्याखालीच पीक उकरतात.

अजून एक काम हा फोन करू शकतो, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. या तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातली भाषा आहे, तिला स्वतःची लिपी नाही. मारुती चितमपल्लींनी आपल्या वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून रानातले शब्द मिळवले आणि मराठीला दिले. तसं काम आज पोडावरचा कुठलाही शाळकरी मुलगा करू शकतो. पहाटे टिपलेला आवाज संध्याकाळी आजीला ऐकवायचा, ती सांगेल ते नाव आणि त्या पक्ष्याविषयीची तिची गोष्ट तिच्याच तोंडून त्याला जोडून ठेवायची.

नवरंग पावसाळा सरला की पुन्हा दक्षिणेकडे निघून जातो. तोवर साडेतीन-चार महिने हातात आहेत. उद्या सव्वापाचला उठा, फोन दगडावर ठेवा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा.