बवाजाने आधी विचारपूस केली

शास्त्रपाठ : रूथ 2:1-18



भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये सायंकाळी दुकानांचे दिवे लागले की पोलाद कारखान्याची सारी वसाहत तेथे लोटते. गेल्या हिवाळ्यात तेथल्या एका बाकावर आमच्या मंडळीतील एक तरुण माझ्याशेजारी येऊन बसला. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, हा कंत्राटी कामावर. त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. पडद्यावर एक फिलिपिनी तरुणी हसत होती. दुबईत एका वृद्धेची शुश्रूषा करते, असे त्याने सांगितले.

"पाळकसाहेब, आम्ही लग्न करणार. चार महिन्यांची ओळख आहे. फिलिपिनी मुली फार प्रेमळ आणि आज्ञाधारक असतात. सगळ्या गोष्टींत तसंच असतं."

गोष्टी म्हणजे मोबाइलवर रोज एकेक भागाने उलगडणाऱ्या प्रेमकथा. त्यांत मुलगी गरीब व सोशीक, पुरुष परदेशी व धनवान. तो येतो, तिचा उद्धार करतो, आणि कथा संपते.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पैसे पाठवलेस का?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही. तिने कधी मागितलेही नाहीत."

मी वरमलो. त्याने तिला स्वप्न मानले होते, मी तिला ठग मानले. तिची विचारपूस आम्हा दोघांपैकी एकानेही केली नव्हती. मग मी विचारले, तिच्या आईचे नाव काय? गाव कोणते? कामाहून ती किती वाजता सुटते? त्याला यांतले काहीच ठाऊक नव्हते. "ती माझं सगळं ऐकून घेते," एवढेच तो म्हणाला.

वाचकहो, या बेटांच्या कन्यांविषयी परक्यांनी पुष्कळ कथा रचल्या आहेत. टपालामार्फत परदेशी पुरुषांशी त्यांची लग्ने जुळविण्याचा धंदा इतका बोकाळला की फिलिपिन्सने 1990 साली कायद्याने तो गुन्हा ठरविला. 2016 साली नवा कायदा करून इंटरनेटवरील अशा धंद्यालाही त्याच कक्षेत आणावे लागले. खरी कथा निराळी आहे. फ्लोर काँटेम्प्लासियोन ही चार मुलांची आई घरकामासाठी सिंगापूरला गेली होती. खुनाच्या आरोपावरून 17 मार्च 1995 रोजी तिला तेथे फाशी देण्यात आली, तेव्हा तिचे सारे राष्ट्र हळहळले. अनेकांना ती निर्दोष वाटत होती. तिच्यासारख्या लक्षावधी स्त्रिया परमुलुखात परक्यांची बाळे व म्हातारी माणसे सांभाळतात आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे धाडतात. त्यांतील बहुतेक आपल्याप्रमाणेच ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या आहेत, हे आपण सहज विसरतो.

आता रूथकडे पाहा. तीही परदेशी, तीही गरीब. बवाज शेतात आला तेव्हा ती त्याच्या दृष्टीस पडली, आणि त्याने मुकादमाकडे तिची चौकशी केली. ती मवाबी आहे, नामीबरोबर आली आहे, सकाळपासून राबत आहे, हे त्याने ऐकून घेतले. नवरा वारल्यावर सासूसाठी तिने काय काय केले, हेही त्याच्या कानी आले होते. गड्यांनी तिच्या अंगाला हात लावू नये, अशी ताकीद त्याने दिली. विवाहाची गोष्ट अजून कोसभर दूर होती! सायंकाळी रूथने झोडलेला एफाभर सातू उचलला आणि नामीकडे नेला. जेवणातून उरलेलेही तिने सासूसाठी राखले होते. दुबईहून घरी जाणारी रक्कम मला या सातूसारखीच वाटते.

पुढे बवाजाने हा विषय वेशीत, दहा वडिलांसमोर मांडला. आपल्या तरुणांचे प्रेम मात्र पांघरुणाखाली, मोबाइलच्या उजेडात वाढते. त्या उजेडात लबाडीही खपते. चोरलेल्या छायाचित्रामागे भलताच कोणी बसलेला असू शकतो. मग फसतो तो तरुण, आणि जिचा चेहरा चोरला तिची विटंबना होते. म्हणून मी त्याला म्हणालो, आईला शेजारी बसवून तिच्याशी समोरासमोर बोल. पण आधी तिच्या घरची विचारपूस कर.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तो पायऱ्यांवर थांबला होता. उत्तर आले होते. आईचे नाव होते, गावाचे होते. सात वर्षांची एक मुलगी आजीपाशी वाढत आहे, असेही तिने लिहिले होते.

"हे तिने आधी का सांगितलं नाही?"

"तू विचारलं होतंस?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आईला सांगायला तुम्ही बरोबर याल का?"

आम्ही पायीच निघालो.