आठ टिंबे

दिवाळीला भाचा आला तो आपले काम काखोटीला मारूनच. चंद्रपूरच्या आमच्या माजघरात वाती वळणे चालले होते, आणि हा गृहस्थ मांडीवर संगणक घेऊन बसलेला. काळ्या पडद्यावर चौकटी कंस, आकडे आणि मधूनच एखादा 'एम' सांडला होता.

"उंदीर नाचून गेले की काय रे?" मी विचारले.

"मामा, हे हुकूम आहेत. वाचायचे नसतात, पाळायचे असतात. माझ्या प्रोग्रामला अजून सगळे कळत नाहीत, म्हणून तो ते छापून मोकळा होतो."

हळूहळू मला उलगडा झाला. पूर्वी मोठा संगणक दूर कुठल्या खोलीत असे आणि माणसापुढे नुसता पडदा नि कळफलक. त्याला टर्मिनल म्हणत. १९७८ साली अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने व्हीटी-१०० नावाचे असे यंत्र काढले. ते केव्हाच अडगळीत गेले. पण त्याचे सोंग वठवणारे प्रोग्राम आजही जगभर चालतात, आणि भाचा अशाच एका सोंगाड्याला सारे हुकूम शिकवीत होता. अक्षरांच्या ओघात २७ क्रमांकाची एक अदृश्य खूण येते. तिच्या पाठोपाठचा मजकूर हा मजकूर नव्हे, आज्ञा. कंसानंतर ३१ आणि एम आले की पुढची अक्षरे तांबडी करायची; २ आणि जे आले की पाटी पुसायची. ७ क्रमांकाची खूण म्हणजे नुसती घंटा.

आमच्या जंगलात हे नवे नाही. ताडोबात चितळ ओरडले की पाहुणे म्हणतात, वा, काय आवाज! वाटाड्या मात्र गप्प होतो आणि झाडीकडे पाहू लागतो. आवाज एकच, एकाने तो ऐकला, दुसऱ्याने मानला.

पण मला आठवले ते दुसरेच. १९६८ साली मी तारबाबू म्हणून कामाला लागलो. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. तिकडच्या एका लहानशा तारघरात मी उमेदवारी करीत होतो. मोर्सची अक्षरे मला चोख येत. अक्षरांखेरीजच्या खुणा मात्र पुस्तकात वाचलेल्या. कानात मुरलेल्या नव्हत्या. ओळीने आठ टिंबे आली की अर्थ असा, की आधीचा शब्द चुकला, तो खोडा. एका पावसाळी संध्याकाळी कडकट्ट सुरू झाले. 'मदर', मग टिंबांची एक थरथर, मग 'ब्रदर सीरियस'. थरथर मी तारेवरच्या ओल्या फांदीच्या खाती टाकली आणि 'मदर ब्रदर सीरियस' असे स्वच्छ अक्षरात लिहून दिले.

तार होती जंगलखात्यातल्या एका नाकेदाराची. शाळेच्या मास्तरांकडून ती वाचून घेऊन तो रात्रीच निघाला. गावी पोचला तर आई अंगणात धान पाखडत बसलेली. त्याला वाटले, सगळी तारच खोटी! तो मोठमोठ्याने हसला. भाऊ आत खाटेवर होता. चौथ्या दिवशी तो गेला.

हे ऐकून भाचा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मीच म्हणालो, "म्हणून म्हणतो, तुझ्या सोंगाड्याला एकूण एक हुकूम शिकव, आणि एकूण एक पाळायला लाव."

"शिकवीन सगळे," तो म्हणाला, "पाळायला नाही लावणार."

आता मात्र मी सरसावून बसलो. जन्मभर हुकूम पाळूनच मी पेन्शन मिळवली आहे! त्याने उदाहरण दिले. खिडकीला नाव द्यावे असा एक हुकूम आहे, आणि तुझे नाव काय असे विचारणारा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर मालकाने कळफलकावर टंकावे तसे आत जाते. एखाद्या लबाडाने आधी नावाच्या जागी भलतीच आज्ञा ठेवली आणि मग नाव विचारले, तर जे मालक कधी बोललाच नाही ते त्याच्या तोंडी पडते. म्हणून शहाणे प्रोग्राम तो प्रश्न पुरता ओळखतात आणि गप्प बसतात.

मी विचारात पडलो. न पाळणे दोन तऱ्हांचे असते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. एक, हुकूम ओळखून नाकारणे. त्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची. दुसरे, हुकूम आहे हेच न कळणे. आणि या दुसऱ्याला आपण फार लवकर क्षमा करतो, विशेषतः स्वतःच्या बाबतीत. 'मला काय ठाऊक?' हे वाक्य आपल्याकडे गंगास्नानासारखे वापरले जाते. पण ज्याने खुर्ची घेतली त्याने खुणा शिकायला नकोत? भाच्याचा प्रोग्राम निदान न कळलेला हुकूम छापून आपले अज्ञान चारचौघांत मांडतो. मी ते फांदीच्या नावावर खपवले.

पंधरा दिवसांनी तो नाकेदार तारघरात आला. भांडायला नव्हे. त्याला एवढेच विचारायचे होते, की तारेत आईचे नाव कसे आले. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, पावसात लाइन खराब असते. त्याने मान डोलावली. मी समोरच्या टेबलाशी बसून दुसरी एक तार उतरवून घेत होतो. तो जाईपर्यंत मी मान वर केली नाही.