कर्ज घर फेडते की माणूस?

दुसरा फ्लॅट कर्जावर घेऊन भाड्याने द्यावा का, या प्रश्नावर सध्या जे बोलले जाते त्याचा पाया एकच वाक्य आहे: हप्ता काय, भाडेकरूच भरतो. हे एकदा गृहीत धरले की चर्चेला फक्त व्याजदर उरतो. रेपो पाव टक्का उतरला की घ्या, चढला की थांबा. मे 2022 मध्ये 4 टक्क्यांवर असलेला रेपो फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर गेला आणि अनेकांच्या कर्जाची मुदत लांबली, तेव्हा दर महत्त्वाचा आहेच. पण पुण्या-मुंबईत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या 3 टक्क्यांच्या आसपास आणि गृहकर्जाचा दर त्याच्या दुपटीहून वर असताना पाव टक्क्याने भाडेकरू हप्ता भरू लागेल, हे मला पटत नाही.

कर्ज मुळातच वाईट मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘घर नको, एसआयपी करा’ म्हणणारे तर वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. खोडून काढायला हवे ते तिसरे मत, कारण ते हुशार माणसांचे आहे. ते म्हणतात, वीस लाख आपले आणि पन्नास लाख बँकेचे. भाव मात्र सत्तर लाखांवर वाढतो, म्हणून आपल्या वीस लाखांवरचा परतावा काही पट होतो.

हिशेब मांडून पाहू. वाकडला 70 लाखांचा फ्लॅट. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून खिशातले सुमारे 25 लाख गेले. कर्ज 50 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता 43,391 रुपये. भाडे 20,000. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम, एजंटची दलाली हे वजा केले की वर्षाला फार तर 1 लाख 60 हजार उरतात. म्हणजे दरमहा 30,000 रुपये पगारातून घालावे लागतात. पाच वर्षांत ते झाले 18 लाख. आता आपले पैसे वीस लाख नाहीत, 43 लाख आहेत. भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढून 89 लाखांवर गेला, तरी कर्ज अजून 44 लाख बाकी आहे. हाती 45 लाख. त्यातून दलाली आणि साडेबारा टक्के भांडवली नफा कर गेला की आपण घातले त्याहून थोडे कमीच परत येतात. मधल्या काळात भाडे थोडेफार वाढले तर फरक लाख-सव्वा लाखाचा. भाव 10 टक्क्यांनी वाढला असता तर चित्र पालटले असते, हे मान्य. पण मग ती भाववाढीवरची पैज झाली आणि तिचा हप्ता पगार भरत होता, असे सरळ म्हणावे. भाड्याचे नाव पुढे करू नये.

पूर्वी करसवलत ही तूट थोडी भरून काढायची. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. 2023-24 पासून जी नवी प्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात व्याज भाड्याचे उत्पन्न शून्यावर आणते आणि तिथेच थांबते.

म्हणून मला एकच भेद महत्त्वाचा वाटतो: घराला पेलणारे कर्ज आणि माणसाने पेलायचे कर्ज. बँकांना तो नीट ठाऊक आहे. ऑफिस किंवा दुकानाच्या भाड्यावर लीज रेंटल डिस्काउंटिंग देताना त्या भाडेकराराकडे पाहतात, येणारे भाडे हप्त्याला पुरते का हे तपासतात. तुमच्या फ्लॅटला कर्ज देताना मात्र प्रामुख्याने पगाराची स्लिप आणि सिबिल पाहतात. किमतीच्या 80 टक्के कर्ज मंजूर होते ते तुमच्या नोकरीच्या भरवशावर. मंजुरीचे पत्र म्हणजे गुंतवणूक चांगली असल्याचा दाखला, असा अर्थ काढणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

भाड्यावर मालकाची सत्ता मर्यादित असते, हे मुंबईच्या चाळमालकांना कोणी सांगायला नको. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. 2000 साली नवा कायदा लागू झाला. मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची खात्री लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराने बरीच वाढवली. पण किती भाडे मिळावे हे करार ठरवत नाही. हिंजवडीतल्या कंपन्यांनी भरती थांबवली तर वाकडचे भाडे उतरते, आणि त्याच महिन्यात मालकाची नोकरीही डळमळीत झालेली असू शकते, कारण तोही बहुधा तिथेच काम करतो.

ज्याला काही वर्षांनी त्याच फ्लॅटमध्ये राहायला जायचे आहे, त्याने पगार ओतला तर त्याला मी दोष देणार नाही. बाकीच्यांनी बँक किती देते हे विचारण्याआधी उलटा हिशेब करावा. वरच्या फ्लॅटचे निव्वळ भाडे महिन्याला 13,000 च्या थोडे वर आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत एक लाख फेडायला महिन्याला सुमारे 868 रुपये लागतात. म्हणजे हे घर पेलते ते 15 लाखांचे कर्ज. उरलेले 35 लाख माणसाच्या डोक्यावर. बोनस आला, गावची जमीन विकली, तर तो पैसा आधी त्या 35 लाखांकडे जावा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. राहिलेल्या 15 लाखांची मुदत मात्र पुन्हा वीस वर्षांची करून घ्यावी आणि ते फेडायची घाई करू नये. तो हप्ता घराचा आहे, तो घराला भरू द्यावा.